मालूचा नियम

मालू गावंडचा आवाज आमच्या दवाखान्याच्या आवारात आधी पोचायचा आणि मालू मागाहून. गेटवर रिक्षावाल्याशी हुज्जत, मग वॉचमनला दम, मग केसपेपरच्या खिडकीतल्या माणसाच्या बायकोची चौकशी. एवढं उरकून माझ्या टेबलाशी यायची आणि म्हणायची, "सिस्टर, आज आमी गप बसणार." मी म्हणायची, "बस गं बाई, एकदा बसून दाखव." ती काही कधी बसली नाही. अलीकडे मात्र बसते, आणि मला ते बघवत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी रोहिणी. राहते नवीन पनवेलला. उभी हयात नर्सिंगमध्ये गेली आणि उतारवयात या लकव्याच्या स्टडीत कोऑर्डिनेटर होऊन बसले. कोऑर्डिनेटर म्हणजे ज्याला सगळे विचारतात आणि ज्याचं कुणी ऐकत नाही, असा माणूस. स्टडी साधी होती. देशातल्या पाच शहरांतले दवाखाने, त्यातलं एक आमचं पनवेल. लकवा मारलेला माणूस किती वेळात दवाखान्यात येतो, आणि तीन महिन्यांनी त्याचं काय झालेलं असतं, हे पाचही ठिकाणी एकाच पद्धतीने विचारायचं. मुख्य ऑफिस बंगळूरला. लकव्याचं एक इंजेक्शन असतं, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं. ते साधारण साडेचार तासांच्या आत दिलं तरच उपयोग. त्या साडेचार तासांत माणूस खाटेवरून उचलला जातो की नाही, यावर पुढचं सगळं आयुष्य ठरतं. आमची सगळी धडपड त्यासाठी होती.

मालू आधी कोन गावात आशा वर्कर होती. आमच्या डॉक्टरांनी तिला स्टडीत घेतलं ते तिच्या जिभेसाठी. कोन, उरण रस्ता, खाडीकाठची गावं, सगळीकडे तिचं कुणीतरी मामा-मावशी निघायचंच. लकव्याचा माणूस घरी गेला की तीन महिन्यांनी ती त्याच्या ओटीवर जाऊन बसायची, चहा प्यायची आणि दोन भांडणं मिटवून परत यायची. गावोगाव तिने एकच गोष्ट लोकांच्या डोक्यात ठोकून बसवली होती: "तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, की उचला आणि दवाखान्यात आणा. मांत्रिक नाय, मालिश नाय, सकाळ होऊ दे नाय." लोक तिला लकवेवाली ताई म्हणायचे. लग्नाच्या मांडवातसुद्धा कुणी चक्कर येऊन बसलं की आधी मालूला शोधायचे, मग पाणी आणायचे. तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. याचा तिला अभिमान होता आणि तो ती अजिबात लपवत नसे.

तिचे वडील चांगो ठाकूर. उरणच्या वाटेवरच्या गावात घर. तरुणपणी मिठागरावर राबले. पुढे मिठागरं गेली, बंदर आलं, कंटेनरच्या रांगा आल्या, पण चांगोआबांची एक कामगिरी तशीच राहिली. गावात कुणी वारलं की परगावच्या सोयऱ्यांकडे सांगावा घेऊन आबाच जायचे. आधी सायकलवर, नंतर मुलाच्या, बाळूच्या मोटारसायकलवर मागे बसून. घरोघरी मोबाइल आले तरी हे थांबलं नाही. कारण त्या गावांत मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. फोनवर फक्त रडवेल्या आवाजात "बरं नाय, निघून या." ऐकणारा काय ते समजतो, उलट विचारत नाही. खरी गोष्ट सांगायची ती दारात उभं राहून, तोंडासमोर. सांगावा आणणारा उंबऱ्याच्या आत पाय ठेवत नाही आणि त्या घरचं पाणी पीत नाही.

मी शहरातली. मला हे सगळं खुळचटपणाचं वाटायचं, आणि मी एकदा आबांना तसं तोंडावर विचारलंही. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "बाय, फोनात सांगितलं तर माणूस पडंल तेवा त्याला धरंल कोण? फोन धरंल?" मी नर्स आहे ना, पडणाऱ्याला धरणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या वर्षी बंगळूरच्या ऑफिसने ठरवलं की तीन महिन्यांची चौकशी आता घरी जाऊन करायची नाही. पाच ठिकाणची माणसं पाच तऱ्हांनी विचारतात, उत्तरांचा मेळ बसत नाही, तेव्हा ऑफिसातूनच फोन करायचे, प्रत्येक भागाला त्या त्या भाषेतला माणूस. आमच्या वाट्याला ऋचा आली. नाशिकची मुलगी, बंगळूरला नोकरीला, आवाज इतका स्वच्छ की ऐकणाऱ्याने आपला घसा साफ करावा. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. मालूने मात्र आठवडाभर तोंड फुगवलं होतं.

दर गुरुवारी पाचही सेंटर्सची व्हिडिओ मीटिंग असे. मीटिंग म्हणजे काय? जोरहाटचं नेटवर्क जायचं, भोपाळवाल्यांच्या मागे कुणीतरी कुकर लावायचं, आणि उरलेला वेळ "माझा आवाज येतोय का" यात जायचा. पण एका गुरुवारी सत्यजीत सरांनी, म्हणजे स्टडीच्या मुख्य डॉक्टरांनी, पडद्यावर पाच सेंटर्सची तुलना लावली आणि म्हणाले, "पनवेल बघा. फोनवरून चौकशी सुरू केल्यापासून तिथला एकही रुग्ण दगावलेला नाही. पनवेलची रुग्णांवर उपचार करायची पद्धत बाकीच्यांनी समजून घ्यायला हवी." सगळीकडून टाळ्यांची चित्रं उगवली. मी खुर्चीत ताठ झाले. इतक्या वर्षांत कुणी असं चारचौघांत कौतुक केलं नव्हतं हो! खोटं कशाला बोलू, मी पदर सावरून कॅमेऱ्याकडे हसले.

शेजारी मालू चिवडा खात होती. तिचा हात तोंडाशीच थांबला. माझ्यासमोर आमच्या रुग्णांची नावं होती, त्यातल्या एका नावावर तिने बोट ठेवलं. "सिस्टर, ही बाय तर मेली."

"काय?"

"मेली म्हणजे मेली. आनि हा मेला. आनि ह्याच्या बाराव्याला तर मी जेवून आली, लापशी चांगली होती."

माइक बंद होता म्हणून बरं. तो सुरू केला आणि सांगितलं, तर पाचही चौकोनांतली माणसं फोटोसारखी थिजली. ऋचाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पण मॅडम, मी स्वतः बोलले त्यांच्या घरच्यांशी. कुणी म्हणालं बरं नाहीये, कुणी म्हणालं तुम्हीच येऊन बघा. एक आजोबा म्हणाले, झोपल्यात. मग मी लिहिलं, हयात, प्रकृती ठीक नाही." बिचारीने जे ऐकलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. घरच्यांनी रीत पाळली होती. कुणी खोटं बोललं नव्हतं, आणि तरी आमच्या पडद्यावर मेलेली माणसं जिवंत होती. त्यांच्या जोरावर चार शहरांतले डॉक्टर आमची पद्धत उचलायला निघाले होते. ज्या पद्धतीत माणसं वाचतात असं वाटत होतं, तिच्यात ती मरतच होती. मी जेव्हा जेव्हा ती टाळ्यांची चित्रं आठवते, तेव्हा कानशिलं गरम होतात.

त्यानंतर मालूने नियम केला. ऑफिसने पुढे त्याला इंग्रजीत लांबलचक नाव दिलं, आम्ही मात्र मालूचा नियमच म्हणायचो. फोन केला की आडून विचारायचं नाही. नमस्कार करायचा, क्षमा मागायची आणि सरळ विचारायचं, "ते हयात आहेत का?" समोरचा जे सांगेल ते त्यालाच परत बोलून दाखवायचं आणि विचारायचं, "बरोबर?" तो बरोबर म्हणेपर्यंत काही लिहायचं नाही. समोरचा रडायला लागला तर त्याला मध्येच तोडायचं नाही, बोलू द्यायचं. आणि कुणी "येऊन बघा" म्हणालं, तर मालूने खरंच जाऊन बघायचं. ऋचाला तिने फोनवरून शिकवलं. "असं थेट कसं विचारायचं हो, मालूताई?" असं ऋचा म्हणायची. मालू म्हणायची, "मला विचारून बघ. मी मेलीय असं समज आनि विचार." दोघी हसायच्या. चार महिन्यांत नियम पाचही सेंटर्सना लागू झाला, आणि जोरहाटवाल्यांनी कळवलं की त्यांच्याकडेही अशी लपलेली मरणं निघाली.

हे आबांच्या कानावर गेलं तेव्हा ते बिथरले. फोनवर मरण विचारायचं? लेकीने? त्यांच्या लेकीने? बापलेक समोरासमोर भांडले आणि त्या भांडणाला मी साक्षीदार, कारण मालूने मला मुद्दाम पाठबळ म्हणून नेलं होतं. मालू म्हणाली, आबा, चुकीचं लिहिलं तर दुसऱ्या गावातली माणसं मरतील. आबा विचारी माणूस. ओटीवर टेकले आणि म्हणाले, "लोकांच्या घरात काय विचारायचं ते विचार. ते तुझं काम हाय. आपल्या घरात आपली रीत." मालू म्हणाली, "बरं." बाळू तिथेच दाराला टेकून उभा होता. त्यानेही मान हलवली. मला वाटलं, चला, गोडीगुलाबीने मिटलं. परतताना मालू रिक्षात गाणं गुणगुणत होती.

यंदा बंगळूरला सगळ्या सेंटर्सची प्रत्यक्ष सभा भरली आणि मालूला बोलायला बोलावलं. विमानात बसायची तिची पहिलीच वेळ, आणि तेही पनवेलजवळच्या नव्या विमानतळावरून. विमान धावायला लागलं तशी तिने माझं मनगट पकडलं आणि खिडकीतून खाली बोट दाखवलं, "सिस्टर, हितं आमच्या आत्याची भातशेती होती. ह्या जागी आमी चिंबोऱ्या धरायचो." पुढच्या रांगेतल्या माणसानेही मान वळवून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्यासपीठावर उभी राहिली. हिंदी तिची धेडगुजरी, पण सभागृह मुठीत. चिवड्याचा किस्सा सांगितला, लापशीचा सांगितला, लोक हसून हसून वाकले. मग ती एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, लांबच्या माणसाचं तोंड आपल्याला दिसत नाही, म्हणून जे कळलं असं वाटतं ते कळलेलं नसतं, विचारा आणि परत बोलून दाखवा. सगळे उठून उभे राहिले. सत्यजीत सर स्वतः खुर्चीवरून उठले. मला रडू आलं, अभिमानाचं.

चहाच्या वेळी लोक तिच्याभोवती गोळा झाले होते तेव्हा तिचा फोन वाजला. मी तिच्या कोपराशी उभी होते. तिने "बोल रे बाळू" म्हणून फोन घेतला आणि पुढच्याच क्षणी तिचा चेहरा उतरला. फोनमधून बाळूचं रडणं मलाही ऐकू येत होतं. तिने डोळे मिटले आणि त्याला मध्येच तोडलं. "पुढचं बोलू नको. मला कळलं. मी निघते. मी येईपर्यंत आबांना घरातून हलवू नका." मग फोन बंद केला, अगदी बंद, बटण दाबून धरून. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "सिस्टर, आबा गेले."

समोरासमोर होतो ना आम्ही, म्हणून सांगितलं. ती पडली, मी धरली. आबांचे शब्द मला आठवले आणि वाटलं, म्हातारा खरं बोलत होता.

मला त्यात काहीसुद्धा वावगं वाटलं नाही. आपल्या बापाला शेवटचं बघायचंय, म्हणून लेक म्हणते, मी येईपर्यंत नेऊ नका. कुठली लेक म्हणत नाही? मी विमानाच्या मागे लागले. निघताना तिने माझ्या फोनवरून नवऱ्याला, काशीरामला बंदरावर फोन लावला. त्यालाही एवढंच, "आबांना बरं नाय, सुटी झाली की माहेरी जा." मी म्हटलं, "अगं, सांग तरी त्याला." ती म्हणाली, "फोनवर कसं सांगू? आनि माझा फोन बंदच राहू दे. लोक विचारत बसतील, मला सांगता येणार नाय." विमानात ती खिडकीशी बसली, पण खाली एकदाही बघितलं नाही.

दिवेलागणीला आम्ही तिच्या माहेरच्या दारात टॅक्सीतून उतरलो. अंगणात बायका बसल्या होत्या, माणसं उभी होती, बोलणं हळू आवाजातलं. जे बघायला आलो होतो तेच दिसत होतं. मालूने पदर तोंडाशी धरला, आणि फाटकाशीच तिने हंबरडा फोडला, "आबा ऽ ऽ!"

अंगणातल्या बायका दचकून उभ्या राहिल्या. बाळू घरातून धावत आला. त्याचे डोळे सुजलेले. "रडतेस काय, मालू? आधी सांग, आता कुठं न्यायचं? सकाळपासनं तुझी वाट बघतोय. तू बोललीस हलवू नका, आमी हात पण लावला नाय. किती फोन केलं तुला!"

मालूचा हुंदका अर्ध्यावर अडकला. मला आधी कळेचना की बाळू काय म्हणतोय. आणि कळलं तेव्हा मी तिला ढकलून आत धावले.

आबा खाटेवर होते. जिवंत. उजवीकडचं तोंड ओघळलेलं, उजवा हात चटईसारखा पडलेला, आणि डोळे सताड उघडे. त्या डोळ्यांनी त्यांनी माझ्या मागे दारात आलेल्या मालूला बघितलं. ओठ हलले, घोगरा आवाज निघाला, शब्द नाही. मी आयुष्यात शेकड्याने लकव्याचे रोगी बघितलेत, पण त्या खाटेपाशी मला नाडी सापडत नव्हती.

बाळूची बायको रूपा कोपऱ्यातून बोलत होती, आधी हळू, मग मोठ्याने. "मी बोलत होती, गाडी बोलवा. शेजारी बोलले, दवाखान्यात न्या. ह्यांनी कुणाचं ऐकलं नाय. बोलले, मालूला सगळं ठाव हाय, मालू बोलली हलवायचं नाय. काशीरामभाऊ आले, ते पण बोलले मालू बोलली असंल तर काय तरी असंल." काशीराम भिंतीला टेकून खाली बघत होता. हार आणले होते त्याने येताना. पिशवी अजून त्याच्या हातात होती, आणि ती कुठे लपवावी हे त्या बिचाऱ्याला समजत नव्हतं.

आबा सकाळी चहा पिता पिता कलंडले होते. बाळूला काही सुचेना. त्याने घरातल्या एकमेव जाणत्या माणसाला, आपल्या बहिणीला फोन लावला. "मालू, आबांना बरं नाय" एवढं म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं. पुढे तो सांगणार होता, तोंड वाकडं झालंय, कुठल्या दवाखान्यात नेऊ? पण बहीण म्हणाली, मला कळलं. त्याला काय आश्चर्य वाटणार? लकवेवाली ताई ती. तिला अर्ध्या वाक्यात कळणारच. आणि तिने सांगितलं तेवढंच त्याने केलं, दिवसभर, बापाच्या उशाशी बसून, गावाची बोलणी खात.

दवाखान्यात आमच्या डॉक्टरांनी आबांना तपासलं, स्कॅन काढला आणि विचारलं, "कधी झालं?" मी म्हटलं, "सकाळी." ते माझ्याकडे बघतच राहिले. "सिस्टर, तुमच्या माणसाच्या घरात? मालूच्या घरात?" एवढंच म्हणाले. इंजेक्शनची वेळ केव्हाच गेली होती.

बाहेर बाकापाशी मालूने बाळूला सांगितलं. तोंडासमोर, उभ्याने. "मला वाटलं आबा गेले. म्हणून बोलली हलवू नका." बाळू ओरडला नाही. लहान पोरासारखं म्हणाला, "मग विचारायचं ना, मालू."

पाच शहरांतली माणसं सकाळी याच गोष्टीसाठी उठून उभी राहिली होती. मी ते बघितलं होतं. मला तिथे बसवेना, मी वॉर्डात निघून गेले.

आबा वाचले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. गावोगाव ज्यांच्या तोंडून मरण ऐकायचं असं लोक मानायचे, ते आबा आता "पाणी" म्हणू शकत नाहीत. कळतं मात्र सगळं. स्टडीत त्यांचं नाव घालायचं की नाही, यावर मी घुटमळले. मालूच म्हणाली, "घाला. आपला म्हणून सोडलात तर परत खोटंच होईल." तिने कामाला येणं सोडलं नाही. पण गेटवर भांडण नाही, वॉचमनला दम नाही. येते, बसते. लोक अजून लकवेवाली ताई म्हणतात, तेव्हा मान खाली घालते. गावाला वाटतं, मालूच्या शास्त्राप्रमाणेच झालं असेल. खरं काय ते आम्हा थोड्या जणांनाच ठाऊक होतं. आबांना कुणी सांगितलं नव्हतं. माणूस दिवसभर खाटेवर पडून वाट बघत राहिला, लेक येणार आणि मला उचलणार. आपल्याला का उचललं नाही, हे ते विचारू शकत नव्हते. बाळूकडे बघायचे, मालूकडे बघायचे. ती नजर मला सहन व्हायची नाही, मी फळं ठेवून लगेच निघायचे.

तीन महिने झाले तेव्हा बंगळूरहून फोन येणार, हे आम्हाला माहीत होतंच. त्या दिवशी मालूने मला माहेरी बोलावलं. आबांना खाटेवर उशीला टेकवून बसवलं होतं, डाव्या हाताशी स्टुलावर पाण्याचा तांब्या. फोन वाजला. मालूने तो स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला आणि बाहेरच्या अंगाला, उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली, तोंड आबांकडे करून. मी म्हटलं, "अगं आत येऊन बस." ती आली नाही.

"नमस्कार, मी ऋचा बोलतेय..." पोरीचा आवाज कापत होता. "मालूताई, तुम्ही आहात का? बाळूदादांशी बोलू का मी? नाहीतर हे... हे आपण नंतर..."

"विचार. जसं सगळ्यांना विचारतेस तसं."

मग ऋचाने विचारलं, "क्षमा करा. चांगो ठाकूर हयात आहेत का?"

"हयात हायत."

"हयात आहेत. बरोबर?"

"बरोबर."

चालतात का, जेवतात का, बोलतात का, एकेक प्रश्न, एकेक उत्तर, प्रत्येक उत्तर ऋचा परत बोलून दाखवत होती. आबा फोनकडे बघत होते. मग तो प्रश्न आला, तो येणारच होता. "दवाखान्यात आणायला उशीर झाला का? झाला असेल तर कारण?"

मालूने दाराची चौकट धरली. "लिही. मुलाने वेळेत फोन केला. मुलीने त्याला पुरतं बोलू दिलं नाय. तिला वाटलं बाप मेला. तिने विचारलं नाय. तिनेच सांगितलं, मी येईपर्यंत घरातून हलवू नका. म्हणून त्यांना दिवसभर हलवलं नाय."

आबांची मान फोनवरून मालूकडे वळली. मला तेव्हा कळलं की हा फोन स्पीकरवर का होता, आणि ती सांगावा आणणाऱ्यासारखी उंबऱ्याबाहेर का उभी होती. फोनमध्ये ऋचा रडत होती, लपवायचा प्रयत्नही न करता.

"परत बोलून दाखव," मालू म्हणाली.

"मालूताई, नको ना..."

"नियम हाय. बोल."

ऋचाने वाचलं, अडखळत, तिच्या त्या स्वच्छ मराठीत. मुलाने वेळेत फोन केला. मुलीने विचारलं नाही. मुलीने हलवू नका सांगितलं. "बरोबर?"

"बरोबर," मालू म्हणाली, आणि मी फोन बंद केला.

आबा कितीतरी वेळ लेकीकडे बघत होते, तिला असं उंबऱ्याबाहेर उभी बघून. मग त्यांनी डावा हात उचलून स्टुलावरचा तांब्या खाली जमिनीवर ठेवला. ठेवताना निम्मं पाणी सांडलं. रूपा पुढे झाली, तिला त्यांनी घशातून ओरडून थांबवलं. खाटेवरून वाकून ते तांब्या दाराकडे सरकवू लागले, आणि हात पुरेनासा झाला तेव्हा खाटेला टेकवलेली काठी घेऊन. मालू मान हलवत होती, नको, नको. तांब्या उंबऱ्याला लागून तिच्या पायाशी थांबेपर्यंत आबा तो काठीने ढकलत राहिले.